अर्थ भाऊजींचे, वाक्यं ताईची

ताईने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि तोच कागद पुन्हा वाचला. मग पुन्हा चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ होती. घाण वाक्यात होती.

"धाकट्या," ती मला म्हणाली, "हे वाच. मोठ्याने."

मी तिचा सख्खा भाऊ. साठी ओलांडली तरी या घरात माझं नाव धाकटा हेच आहे. छापखान्यातून कच्ची पानं आणायची, चुका बघायच्या, पानं परत नेऊन द्यायची, एवढं माझं काम. मी वाचलं.

"आउटशाइन. क्रियापद. आपल्या तेजाने दुसऱ्याला फिकं पाडणे, झाकोळून टाकणे. वाक्य : समंजस पत्नी चारचौघांत नवऱ्याला झाकोळत नाही."

"काय वाटतं?"

"अर्थ अगदी बरोबर आहे," मी म्हणालो.

"अर्थाचं विचारलं का मी?"

नव्हतं विचारलं. पण बाहेरच्या खोलीत भाऊजी बसले होते, दार उघडं होतं, आणि मला दोन्ही खोल्यांत चहा मिळतो.

हे घर म्हणजे एक कारखाना आहे. इथे इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होतो. बाहेरच्या खोलीत भाऊजी टेबलाशी बसतात आणि शब्दांचे अर्थ लिहितात. स्वयंपाकघरात ताई जेवणाच्या टेबलाशी बसते आणि त्याच शब्दांची वाक्यं लिहिते. प्रत्येक शब्दाला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. चिठ्ठी आधी बाहेर भरते, मग आत येते, मग बुटांच्या रिकाम्या खोक्यात उभी राहते. दोघांनीही आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, भाऊजींनी मुलांच्या आणि ताईने मुलींच्या. भाऊजी पुढे मुख्याध्यापक झाले आणि अजून उतरलेले नाहीत.

कारखान्याचे दोन नियम आहेत, आणि दोन्ही भाऊजींनीच केलेले. एक, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. अर्थ पटला नाही तर ताईने तोंडाने सांगायचं, खोडायचं नाही. वाक्यांनाही तेच. दुसरा नियम, एखादं वाक्य बाहेरच्या माणसाच्या तोंडचं घेतलं, तर त्याच्याखाली त्याचं नाव छापायचं. भाऊजी याबाबतीत फार कडक. एकदा दूधवाले दारात म्हणाले, "पाणी मी घालत नाही, ते आपोआप येतं." ताईला ते एका शब्दासाठी फार आवडलं. भाऊजींनी दूधवाल्यांना घरात बोलावलं, खुर्ची दिली, नाव विचारून घेतलं आणि वाक्याखाली छापलं. दूधवाल्यांनी ते पान भिंतीवर लावलंय म्हणतात.

आधीचा छोटा कोश फार खपला. तो अर्थांसाठी खपला असं भाऊजी म्हणतात. मुलं मात्र तो वाचायची दंतवैद्याच्या मावशीसाठी. ताईच्या वाक्यांत ही एक बाई सारखी येते. एका शब्दात ती शेजाऱ्यांची शिडी मागून नेते, पुढच्या अक्षरात त्याच शिडीवरून शेजाऱ्यांच्याच खिडकीत डोकावते, आणि आणखी पुढे म्हणते, "मी पडले नाही, मी खाली आले." पोरं पानं उलटत मावशीच्या मागे जायची आणि जाता जाता इंग्रजी शिकायची. कोशाच्या मुखपृष्ठावर नाव होतं भाऊजींचं. फक्त भाऊजींचं, आणि खाली दोन ओळी पदव्या.

मग शिक्षकांची सभा झाली. अध्यक्षांनी तासभर मावशीचंच कौतुक केलं आणि भाऊजींना विचारलं, "तुम्हाला हे सुचतं कसं?" भाऊजी उठले, घसा साफ केला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वाक्यं बाईंची आहेत!" आणि अशी टाळी पडली, की भाऊजी उभे होते ते तसेच हळूहळू बसले. सभा संपल्यावर शिक्षिकांनी ताईभोवती गराडा घातला. जिच्या पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, तिची सही हवी होती सगळ्यांना.

त्या गोष्टीवर भाऊजी घरी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस. आता कळलं, ते 'ओ' अक्षर यायची वाट बघत होते.

ताई कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मी मागोमाग, पण उंबऱ्यापर्यंतच.

"अहो, हे कुणी लिहिलं?"

"कोणतं?" भाऊजींनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तिला टोक होतं.

"कोणतं ते तुम्हाला माहीत आहे."

"तू लेकीच्या बाळंतपणाला गेली होतीस. मालकांना 'ओ' हवा होता. एक वाक्य राहिलं होतं."

मालक म्हणजे प्रकाशक. छापखाना त्यांचा, कोश त्यांचा, घाई त्यांची.

"एकच राहिलं होतं?"

"एकच."

"आणि ते हेच?"

"शब्दाचा वापर कळायला सोपं उदाहरण आहे. विद्यार्थ्यांना पटकन समजेल."

"मलाही पटकन समजलं." ताईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी घरी गेलो असतो. "हा शब्द कोण वापरतं, ठाऊक आहे तुम्हाला? जो उजळतो तो कधी वापरत नाही. त्याला पत्ताही नसतो. वापरतो तो शेजारचा, ज्याला वाटतं आपण दिसत नाही. मी काय केलं हो त्या सभेत? मागच्या रांगेत बसले होते. मांडीवर पिशवी होती. तोंड उघडलं नाही मी!"

"मी तुझं नाव घेतलंय का वाक्यात?"

"माझं नाव तुम्ही कुठेच घेत नाही. तीच तर सवय आहे." तिने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. "मालकांनी मुखपृष्ठासाठी नावं मागितली होती ना? काय कळवलंत?"

भाऊजींनी पेन्सिलीकडे पाहिलं. "आधी होतं तसंच."

"म्हणजे तुमचं."

"अगं, तू घरचीच आहेस. घरच्या माणसाचं काय नाव छापायचं?"

मी डोळे मिटले. काही वाक्यं अशी असतात, की ती बोलणाऱ्याला सोडून खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतात.

"दूधवाल्याचं छापलंत," ताई म्हणाली. "एका वाक्याचं. त्याला खुर्ची दिलीत. मी याच घरात सगळा कोश बोलता केला, आणि मी घरची. ठीक आहे. मुखपृष्ठावर माझं नाव येईल, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर बघा."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. काम चालू राहिलं, कारण काम बंद पडलं तर मालक घरी येतात आणि फार वेळ बसतात. चिठ्ठ्या आत-बाहेर मी करायला लागलो. 'पी' अक्षर सुरू झालं होतं, आणि लवकरच माझ्या लक्षात आलं, की मी चिठ्ठ्या नेत नाही, गोळ्या नेतोय.

भाऊजींनी 'पेशन्स'चा अर्थ लिहून पाठवला, "सहनशीलता." ताईने वाक्य लिहिलं, "तिची सहनशीलता संपली होती, पण त्याला वाटलं ती डुलकी काढते आहे." पुढचा शब्द आला 'पीस'. भाऊजींचा अर्थ, "शांतता, लग्नापूर्वीची अवस्था." 'पीव्हिश' आला. अर्थ, "चिडखोर, विशेषतः स्वयंपाकघरात." ताईने अर्थाला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम. तिने 'पेन्सिल'ची चिठ्ठी पुढे ओढली आणि लिहिलं, "त्याने तिची पेन्सिल घेतली आणि त्याच पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं." 'पिलो'ला लिहिलं, "आजपासून तुमची उशी बाहेरच्या खोलीत आहे." मी चिठ्ठी घेऊन बाहेर गेलो, तर उशी आधीच येऊन पोचलेली.

'पॉम्पस' म्हणजे बडेजाव मिरवणारा. त्याला तिने लिहिलं, "तो आरशासमोर उभा राहिला, की आरशाने उठून उभं राहावं अशी त्याची अपेक्षा असे." भाऊजींनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "सेल्फिश यायला किती अवकाश आहे?"

"बराच आहे, भाऊजी. मध्ये सगळा 'आर' आहे."

"हं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. भांडणाला वर्णक्रम पाळावा लागत होता, आणि चांगले चांगले शब्द सगळे पुढे राहिले होते.

मुखपृष्ठाबद्दल मात्र दोघांनी काही लिहिलं नाही. मालकांचा माणूस येऊन विचारून गेला. भाऊजींनी सांगितलं, आधी होतं तसंच. आत ताईच्या हातातली सांडशी खाली पडली. ती पडली नव्हती, खाली आली होती.

मग 'क्यू' आला. 'क्विट'च्या चिठ्ठीवर ताईने लिहिलं, "मी हे काम सोडते, राहिलेली वाक्यं तुमची तुम्ही लिहा." चिठ्ठी माझ्याकडे दिली नाही. उरलेली सगळी खोकी एकावर एक उचलली, बाहेर नेली आणि भाऊजींच्या टेबलावर, त्यांच्या कोपराला लागतील अशी ठेवली. मग आत येऊन जेवणाचं टेबल पुसलं. कित्येक वर्षांत त्या टेबलाचा लाकडी रंग मी पहिल्यांदा पाहिला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"जेवणार," ती म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर."

भाऊजींनी हार मानली नाही. सगळा 'आर' एकट्याने लिहिला. ती पानं मी वाचली आहेत, आणि सांगतो, त्यांत एकही चूक नव्हती. 'रेड' : हा रंग लाल आहे. 'रिव्हर' : नदी वाहते. 'राइज' : मुख्याध्यापक उभे राहिले. 'रिस्पेक्ट' : मुले मुख्याध्यापकांचा आदर करतात. 'रूम' : मुख्याध्यापक खोलीत आहेत. असं वाचत गेलं, की सगळी इंग्रजी भाषा एका मुख्याध्यापकाभोवती हात बांधून उभी आहे असं वाटायचं.

मालकांनी निरोप पाठवला. मावशी कुठे आहे?

भाऊजींना राग आला. मला म्हणाले, "मावशी पाहिजे काय यांना? देतो मावशी." आणि 'रन ओव्हर'च्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "दंतवैद्याची मावशी लॉरीखाली आली."

मालक स्वतः आले.

ते नेहमी बाहेरच्या खोलीत बसतात. त्या दिवशी चपला काढून थेट स्वयंपाकघरात आले आणि ताईसमोर खुर्ची ओढून बसले. भाऊजी दारात उभे राहिले. आपल्याच घरात माणूस पाहुण्यासारखा उभा राहिला, की कसा दिसतो ते मी बघून घेतलं.

"मास्तर," मालक म्हणाले, "तुम्ही मावशीला मारलंत?"

"अपघात झाला."

"कोशात कसला अपघात? अहो, त्या बाईवर माझा छापखाना चालतो! माझ्या घरी माझी नात रडतेय. मी घरी कच्ची पानं नेली ही माझी चूक. ती मला विचारते, आजोबा, लॉरी कुणाची होती?"

"ती वाक्यं म्हणजे कोश नव्हे," भाऊजी म्हणाले. "ती सजावट आहे. कोश म्हणजे अर्थ."

ताई इतका वेळ भाजी निवडत होती. तिने हातातली सुरी ताटात ठेवली.

"सजावट," ती म्हणाली. "बरं. मी आजारी असताना उशीशी चिठ्ठ्या घेऊन बसले, ती सजावट. मुलींच्या वह्या तपासून घरी आले, की पहिली तुमची खोकी उघडली, ती सजावट. तुम्ही शब्दाचा अर्थ सांगता आणि तो तिथे झोपून जातो. त्याला उठवून, तोंड धुवून, शाळेत मी पाठवते. आणि एवढं करून चारचौघांत कुणी विचारलं, हे कुणाचं, तर मी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसायचं, कारण तुम्ही दिसेनासे व्हाल! एवढे कसे हो तुम्ही अंधूक, की माझ्या गप्प बसण्यानेही झाकोळता?"

नळ गळत होता. मी उठून तो बंद केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"वहिनी," मालक शेवटी म्हणाले, "तुमच्या घरच्या भांडणाशी मला देणंघेणं नाही. मला 'झेड' हवा. काय केलं तर 'झेड' मिळेल?"

"मुखपृष्ठावर माझं नाव. त्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच टायपात. खाली नको, आत नको, 'सहकार्य' नको, 'प्रेरणा' तर मुळीच नको."

"मुखपृष्ठावर जागा नाही," भाऊजी म्हणाले.

मालकांनी पिशवीतून मुखपृष्ठाचा नमुना काढून टेबलावर पसरला. वर कोशाचं नाव, मध्ये उगवता सूर्य, खाली भाऊजींचं नाव, त्याखाली एम.ए., त्याखाली बी.एड., सेवानिवृत्त मुख्याध्यापक.

"सूर्य थोडा लहान करता येईल," मालक म्हणाले.

"सूर्याने काय केलंय?" ताई म्हणाली. "सूर्य राहू दे. पदव्या काढा."

"पदव्या?" भाऊजी आत आले. "पदव्या कशा काढणार? त्या मिळवल्या आहेत मी!"

"माझ्याही आहेत. मी त्यांना घरचं समजते."

मालकांनी खिशातून पेन काढलं आणि भाऊजींकडे धरलं. "मास्तर, सरळ सांगतो. वहिनींचं नाव नाही, तर 'एस' नाही. 'एस' नाही, तर कोश नाही. आणि कोश नाही, तर तुमचं नाव मी काय माझ्या दुकानाच्या पाटीवर छापू? खोडा."

भाऊजींनी पेन घेतलं. बराच वेळ ते त्या दोन ओळींकडे बघत होते. मला वाईट वाटलं त्यांचं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी रेघ मारली, इतकी हलकी, की पदव्या खालून स्पष्ट वाचता येत होत्या. ताईने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तीच रेघ पुन्हा मारली.

खोकी परत आत आली. त्याच संध्याकाळी ताईने 'सर्व्हाइव्ह'ची चिठ्ठी पुढे काढली आणि लिहिलं, "मावशी त्या अपघातातून वाचली, लॉरी वाचली नाही." मी म्हटलं, त्यापेक्षा मागे जाऊन लॉरीचं वाक्यच खोडून टाक ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी छापखान्याला आग लावायला सांगितली.

"त्यांचं वाक्य आहे ते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही."

मला वाटलं होतं, नाव छापून यायचं ठरलं म्हणजे राग उतरेल. भाऊजींनाही वाटलं होतं. 'टी' संपेस्तोवर त्यांनी दोनदा स्वतः चहा केला, आणि एकदा उशी काखेत घेऊन दारापर्यंत येऊन गेले. ताई आत लिहीत होती. तिने मान वर केली नाही. "'व्ही'पर्यंत थांबा," एवढंच म्हणाली. 'व्ही'मध्ये काय होतं ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

'व्ही' आला, 'व्ही' गेला, उशी बाहेरच्या खोलीतच राहिली. शेवटची पानं आली. सगळा कोश, ए पासून झेडपर्यंत, जेवणाच्या टेबलावर. मुखपृष्ठ वर होतं. दोन नावं शेजारी शेजारी, एका मापाची, आणि वर सूर्य होता तेवढाच. ताईने ते एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग ती 'ओ'ची पानं शोधायला लागली.

भाऊजी आले. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "ते एक वाक्य आहे बघ. 'ओ'मधलं."

"आहे."

"ते बदलून टाक. तुला हवं ते लिही."

"मी? तुमच्या वाक्याला हात लावू?"

"मीच सांगतोय ना. मग काय हरकत आहे?"

"नियम तुमचा आहे. तुमच्यासाठी मोडला, तर उद्या दूधवाले येतील, माझंही बदला म्हणून."

भाऊजींनी खुर्चीवरचे हात काढून पाठीमागे बांधले. "मी तेव्हा रागात होतो," ते म्हणाले.

"मी अजून आहे," ताई म्हणाली.

तिने पान समोर घेतलं. वाक्य पुन्हा वाचलं, यावेळी चष्मा न पुसता. समंजस पत्नी चारचौघांत नवऱ्याला झाकोळत नाही. एक स्वल्पविरामही बदलला नाही. मग पेन उचललं आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे, बाहेरच्या माणसाचं वाक्य जसं छापतात तसं, त्याच्याखाली सुवाच्य अक्षरात भाऊजींचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली एम.ए. त्याखाली बी.एड., सेवानिवृत्त मुख्याध्यापक.

मुखपृष्ठावरून निघालेल्या दोन्ही ओळींना जागा मिळाली. आता जी मुलगी तो शब्द शोधेल, तिला तो अर्थासकट, वापरासकट आणि धन्यासकट सापडेल.

भाऊजी वाकून वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. मुख्याध्यापक असताना ते विद्यार्थ्याची शिक्षा वहीत लिहीत, तेव्हा विद्यार्थी असेच वाकून वाचायचे.

"निदान," ते म्हणाले, "बी.एड. तरी काढ."

ताईने पानं टेबलावर उभी आपटून सारखी केली, दोरीने बांधली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"धाकट्या," ती म्हणाली, "छापखान्यात देऊन ये. आणि दार लावून जा. मला यांच्याशी बोलायचंय."